चोरखिशातला आवाज

मी कॅमेरा बोलतोय. जरा हळू बोलतोय, कारण पलीकडच्या खोलीत या घरचे जावई चहा पितायत आणि चहा संपला की त्यांच्या हातांना काहीतरी काम लागतं. त्या हातांची मला भीती वाटते. खरं सांगायचं तर मला सगळ्याचीच भीती वाटते. भिजण्याची, पडण्याची, धुळीची, लहान मुलांची, आणि माझ्याच पडद्यावर उमटणाऱ्या शब्दांची तर फारच.

मी काही गळ्यात अडकवून मिरवायचा मोठा कॅमेरा नाही. शर्टाच्या खिशात मावेन एवढाच आहे. चंदेरी अंग, पुढे आतबाहेर होणारी लेन्स, मागे काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पडदा. मला सुरू केलं की लेन्स घरघर करत बाहेर येते आणि बंद केलं की मुकाट्याने आत जाते.

कारखान्यात आम्ही सगळी भावंडं एका सरकत्या पट्ट्यावर रांगेत होतो. एक बाई प्रत्येकाला सुरू करून बघायची. माझ्या शेजारच्याची लेन्स निम्म्यात अडकली. बाईने त्याला उचललं आणि लाल खोक्यात टाकलं. तो काही परत आला नाही. लगेच माझी पाळी आली. माझी लेन्स सुरळीत बाहेर आली, आत गेली, बाईने मला पुढे ढकललं आणि मी सुटलो. पण तेव्हापासून लेन्स अडकण्याचा मी जो धसका घेतलाय, तो आजतागायत गेलेला नाही.

मला विकत घेतलं ते एका टेलरने. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान होतं. शिलाई मशीन, कापड बेतायचं लांब टेबल, दोऱ्याच्या रिळांचा डबा, ट्रायलसाठी उभा आरसा, आणि कोपऱ्यात कात्रणांचा ढीग. टेलरांना फोटोंची हौस वगैरे नव्हती. गिऱ्हाईक महिन्याभराने यायचं आणि म्हणायचं, "बाही लांब झालीय, तुम्ही अशीच शिवली होती." म्हणून टेलरांनी ठरवलं, कपडा देताना अंगावर घालायला लावायचा आणि फोटो काढून ठेवायचा. मग भांडायला या म्हणावं.

टेलरांना सगळे 'रेडिओ' म्हणत. सकाळी शटर वर गेलं की जे सुरू व्हायचे, ते रात्री शटर खाली येईपर्यंत चालू. गिऱ्हाइकाशी बोलायचे, मशीनशी बोलायचे, कापड सुळसुळीत असलं तर त्याला दम द्यायचे. "सरळ राहा जरा, लाज नाही वाटत?" हे कापडाला. समोरचा किराणावाला रस्त्याच्या पलीकडून ओरडायचा, "रेडिओ, आवाज बारीक करा हो, माझं गिऱ्हाईक साखर मागतंय का मीठ ते कळेना!" त्यावर टेलर आणखी मोठ्याने हसायचे. त्या हसण्याने टेबल हलायचं, आणि टेबलावर मी असलो की मला वाटायचं, पडलो आता.

त्यांच्या कामाची एक खोड होती. कुणी सांगो न सांगो, प्रत्येक कोटाला ते आतून एक चोरखिसा शिवायचे. अस्तरात असा बेमालूम बसवायचे की हात नेमका पडल्याशिवाय सापडू नये. "माणसाला एक जागा पाहिजे, दुसऱ्याला न दिसणारी," असं म्हणायचे. मला ते ऐकून फार बरं वाटायचं. कारण चोरखिसा मलाही आहे.

तो कसा, ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या पोटात एक कार्ड घालतात, फोटो त्यात साठतात. पण कार्ड नसलं, तरी माझ्या स्वतःच्या अंगात थोडीशी जागा आहे. चारदोन फोटो, नाहीतर एखादा छोटासा व्हिडिओ, एवढंच मावतं. गंमत अशी की पोटात कार्ड असेपर्यंत मला फक्त कार्डातलंच दाखवता येतं, आतलं दाखवता येत नाही. माझी घडणच तशी आहे. हे सगळं माझ्याबरोबर आलेल्या माहितीपुस्तकात छापलं होतं. ते पुस्तक टेलरांनी पहिल्याच दिवशी मशीनच्या डुगडुगत्या पायाखाली घातलं.

टेलरांनी काढलेले फोटो हललेले यायचे. कोटाला दोन कॉलर, माणसाला तीन कान. मग ते मलाच धरून हलवायचे. "बिघडलास काय रे?" माझा जीव टांगणीला लागायचा. बिघडलेल्यांचं काय होतं ते मी पाहिलं होतं ना!

मला वाचवलं ते त्यांच्या मुलीने. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे ती दुकानातच वाढली होती. एव्हाना लग्नाला आली होती. तिने नीट निरखून पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"बाबा, कॅमेरा हलत नाही, तुम्ही हलताय. फोटो काढताना तरी बोलायचं थांबा."

"बोलायचं थांबलो तर गिऱ्हाईक उभं कसं राहील? झोपून जाईल ते."

"मग श्वास तरी रोखा."

"श्वास रोखून बोलू कसा, सांग बघू."

आरशात फ्लॅश चमकून फोटो पांढरेफटक यायचे, त्यावर तिने उपाय काढला, गिऱ्हाइकाला तिरकं उभं करायचा. बॅटरी संपून माझी तारीख पुसली गेली की ती पुन्हा लावायची. टेलरांना जवळचं दिसेनासं झालं होतं, म्हणून सुईत दोरा ओवायचं कामही तिचंच. टेलर सुई वर धरायचे आणि आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारायचे, "ओवून दे गं, बाळ!" ती हातातलं टाकून यायची, दोऱ्याचं टोक दातांनी तोडायची आणि एका झटक्यात ओवून जायची. दिवसातून किती वेळा, त्याला गणतीच नव्हती.

मग टेलरांचा घसा बसला. आधी सर्दी म्हणाले, मग धूळ म्हणाले, मग खडूचं नाव घेतलं. घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल. जीव वाचेल, पण बोलणं जाईल.

घरी येऊन टेलर मुलीला म्हणाले, "पेटी काढतो म्हणाला. काढू दे की! आपला कॅमेरापण रोज फोटो काढतोच, त्यात कुणाचं काही कमी झालंय का?" आणि हसले. मुलगी हसली नाही. माझंही धाबं दणाणलं होतं. काढणं म्हणजे घेणं, एवढंच मला ठाऊक होतं. काढणं म्हणजे कायमचं काढून टाकणं, हे मला त्या दिवशी समजलं.

मुलगी मागे लागली. "बाबा, तुमच्या आवाजाचा एक व्हिडिओ काढून ठेवू." त्यांच्या फोनवर तेव्हा नुसतं बोलता यायचं, व्हिडिओ काढायला घरात मीच होतो. टेलर काही ऐकेनात. "मी काय मरतोय? व्हिडिओ कसले काढताय!" शेवटी ऑपरेशनला दोन दिवस उरले असताना, ते किराणावाल्याशी गप्पा मारत बसलेले पाहून तिने मला दाराच्या पडद्याआडून धरलं. किराणावाला बोलून गेला, "हसा रेडिओ, शूटिंग चाललंय!"

टेलर वळले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. बसलेल्या घशातून असा आवाज निघाला की किराणावाला चपला शोधायला लागला.

"काढ! आधी काढ ते! माझ्यासमोर काढ!"

मुलीने डोळे पुसत पुसत माझं बटण दाबलं. 'मिटवायचे?' असं मी विचारलं. मला विचारावंच लागतं. तिने ओके दाबलं आणि तो व्हिडिओ गेला. टेलर आत निघून गेले, जेवलेसुद्धा नाहीत. तिने माझ्या पोटातलं कार्ड बाहेर काढलं, रुमालात गुंडाळलं आणि सकाळी उठून फोटो स्टुडिओत गेली, मिटलेलं परत मिळतं का ते विचारायला. मला टेबलावरच सोडून गेली, रिकाम्या पोटी.

ती बाहेर पडली आणि टेलर दुकानात आले. त्यांनी शटर निम्मंच वर केलं. मला उचललं, रिळांच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि लाल बटण दाबून समोर बसले. चष्मा काढून ठेवला होता, व्हिडिओत बरा दिसत नाही म्हणून.

माझ्या पोटात कार्ड नव्हतं. ते त्यांना माहीत नव्हतं. मी सगळं चोरखिशात साठवायला लागलो आणि भीतीने माझी गाळण उडाली. तिथे जागा कितीशी, आणि हा माणूस बोलणार किती! मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, टेलर, आज थोडक्यात आटपा. पण मला ओरडता कुठे येतं? माझ्या आत त्यांचं बोलणं मध्येच तुटलं, माझ्या पडद्यावर 'मेमरी फुल' अशी अक्षरं आली, आणि बिनचष्म्याच्या टेलरांना ती दिसलीच नाहीत. ते बोलत राहिले. समोरचा चहा गार होईपर्यंत बोलले. मी ते सगळं ऐकलं. साठवता मात्र काहीच आलं नाही.

स्टुडिओवाल्याने हात वर केले. मुलीने आल्यावर कार्ड परत माझ्या पोटात घातलं, आणि माझा चोरखिसा झाकला गेला.

ऑपरेशन झालं. टेलर घरी आले तेव्हा गळ्याला भोक होतं आणि त्यावर एक पांढरी पट्टी. पुढे त्या पट्ट्या ते स्वतःच शिवायला लागले, छान बारीक कड मोडून. बोलणं गेलं होतं आणि लिहायची त्यांना सवय नव्हती. जन्मभर कापडावर खडूने 'छाती', 'बाही', 'उंची' एवढंच लिहिलेला तो माणूस. काही सांगायचं झालं की काळ्या अस्तराच्या तुकड्यावर खडूने एक शब्द लिहायचे.

घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी मुलीची ओढणी ओढून तिला थांबवलं. माझ्याकडे बोट केलं आणि अस्तरावर लिहिलं,

'काढला.'

लिहून तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर हसू होतं, एखाद्याला चोरखिसा दाखवताना असायचं तसं. मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. पण मुलीच्या डोक्यात तो ओरडा होता, ते 'माझ्यासमोर काढ' होतं.

"हो," ती म्हणाली. "माहितीये मला. तुमच्यासमोरच काढला ना?"

तिने ते अस्तर झटकलं आणि ती आत गेली. टेलर औषधाच्या गुंगीत होते, त्यांना या उत्तराचा अर्थच लागेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हळूच सुरू केलं आणि स्वतःचा व्हिडिओ शोधला. कार्ड पोटात होतं. मी कार्डातले कोट दाखवले, पँटी दाखवल्या, शाळेचे गणवेश दाखवले. आहे रे बाबा, तुझा आवाज माझ्याकडेच आहे, फक्त कार्ड बाहेर काढ! असं मी मनातल्या मनात किती ओरडलो. त्यांना वाटलं, आपलंच बटण चुकलं असणार. त्यांनी मला बंद केलं आणि खडूच्या खणात ठेवून दिलं.

त्यानंतर त्यांनी अधूनमधून काढलेले सगळे फोटो अगदी स्वच्छ आले. एकही हललेला नाही. मला ते फोटो बघवत नसत. हळूहळू तेही थांबलं.

मुलीचं लग्न झालं, ती दुसऱ्या गावी गेली. सुट्टीत यायची, स्वयंपाक करायची, बाबांची औषधं बघायची, पण दुकानात येऊन बसायची नाही. टेलरांनी सुई ओवायचं एक तारेचं साधन आणलं. कुणाला बोलवायचं असलं की कात्रीने टेबलावर टकटक करायचे. त्यांना आता कुणी रेडिओ म्हणत नसे. किराणावाला नुसता हात हलवायचा.

आणि मी खणात. खडूचा भुगा माझ्या लेन्सच्या फटीत शिरत होता, दोऱ्याची लव बटणांत अडकत होती, बॅटरी फुगते की काय अशी भीती वाटत होती. पण सगळ्यात मोठी भीती वेगळीच होती. टेलरांचा आवाज या जगात आता एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण माझ्यासारखं भित्रं, जुनं, फुटायला आलेलं होतं. मी गेलो तर तोही जाणार.

या सुट्टीत मुलगी आली, बरोबर जावई आणि त्यांची छोटी. छोटीने आजोबांचा आवाज ऐकलेलाच नाही. आजोबा म्हणजे टकटक, एवढंच तिला माहीत. तिने खण उघडला आणि मला वर काढलं.

"बाबा, हे काय आहे? मला पाहिजे!"

जावई पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतात. माणूस चांगला, उत्साही, पण त्यांचं एकच औषध. आतलं सगळं काढायचं, मोकळं करायचं, धुवायचं, परत बसवायचं. घरातलं घड्याळही त्यांनी असंच मोकळं केलं होतं आणि ते अजून मोकळंच आहे. मला बघून त्यांनी बाह्या सरसावल्या. "चल, तुला चालू करून देतो. आहे काय त्यात!"

माझी पाचावर धारण बसली.

आधी बॅटरी. तिची टोकं काळवंडली होती. ती त्यांनी छोटीच्या खोडरबराने घासली आणि चार्जरला लावली. हे बरोबर केलं, मान्य करतो. मग मला सुरू केलं. लेन्स निघाली, निम्म्यात पोहोचली, खडूच्या भुग्यात कचकन अडकली. 'लेन्स एरर.' मला ते लाल खोकं आठवलं. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणायला डोळासुद्धा अडकलेला!

"ओढून बघू का?" जावई म्हणाले.

"ओढू नका हो!" मुलगी आतून म्हणाली. तिला अजून माझी काळजी होती, हे ऐकून मला रडू आलं असतं. "आजूबाजूची धूळ काढा आधी, मऊ ब्रशने. आणि तोंडाने फुंकू नका, थुंकी जाते."

जावयांनी मला पालथं धरलं, रंगाच्या कोरड्या ब्रशने फट झाडली, तळहातावर हलकेच आपटलं. भुगा खाली पडला. त्यांनी परत बटण दाबलं. घरघर, घरघर, आणि लेन्स पूर्ण बाहेर आली. छोटीने टाळ्या वाजवल्या.

पुढे 'कार्ड लॉक आहे' असं मी सांगितलं. कार्डाच्या कडेची बारीक पट्टी खाली सरकली होती, ती त्यांनी वर केली. मग 'कार्ड एरर.' ते कार्ड या सगळ्या वर्षांत खरंच मेलं होतं. जावयांनी ते पुसलं, परत घातलं, परत पुसलं, आणि शेवटी कंटाळून काढून बाजूला ठेवलं.

कार्ड बाहेर आलं! किती वर्षांनी माझा चोरखिसा उघडा पडला. आता फक्त कुणीतरी फोटो बघायचं बटण दाबावं, एवढीच माझी इच्छा होती. पण छोटीने दाबलं ते फोटो काढायचं बटण.

'मेमरी फुल,' मी म्हणालो. जेवढं ओरडता येतं तेवढं मी ओरडलो. माझ्या परीने मी खरं तेच सांगत होतो. भरलेलं आहे, आत काहीतरी आहे, बघा!

जावई हसायला लागले. "घ्या! कार्डच नाही तरी म्हणे फुल. डोकं फिरलंय याचं. फॉरमॅट मारतो, सगळं आतून मोकळं होईल."

त्यांनी मेनू उघडला, बोट खाली खाली गेलं आणि फॉरमॅटवर थांबलं. मग मला बोलावं लागलं. माझ्या पडद्यावर, माझ्याच उजेडात, मला ते विचारावं लागलं. 'सर्व मिटेल. ओके?' मी नको म्हणू शकत नाही. मला नुसतं विचारता येतं. त्यांचा अंगठा ओकेवर टेकला होता, अजून दाबला नव्हता. माझ्या अंगातला एकेक स्क्रू थरथरत होता.

पण कॅमेरा सासऱ्यांचा. जावई रीतीभातीचे. मशीनवर बसलेल्या टेलरांकडे बघून त्यांनी मोठ्याने विचारलं,

"बाबा, काढू ना?"

टेलरांनी मान वर केली. जावयाच्या हातात कॅमेरा, कॅमेऱ्याची लेन्स त्यांच्याकडे. त्यांनी पटकन मान हलवली, हो हो. गळ्याची पट्टी सरळ केली. शर्टाची कॉलर नीट केली. छोटीला ओढून मांडीवर घेतलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, आणि ताठ बसून माझ्याकडे बघून हसले.

मुलगी दारात हात पुसत उभी होती. तिला हसू फुटलं. "अहो, बघा ना! त्यांना वाटतंय, तुम्ही फोटो काढताय!"

"मी तर आतलं सगळं काढायचं म्हणतोय," जावई म्हणाले.

मुलीचं हसू तिथेच थांबलं. ती बाबांकडे बघत राहिली, त्या नीट केलेल्या कॉलरकडे. मग एकदम किंचाळली, "दाबू नका! अंगठा काढा! काढा म्हणते ना!"

जावयांनी दचकून मला टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे जवळजवळ टाकलंच. ती मशीनजवळ गेली आणि बाबांच्या पायाशी बसली.

"बाबा, तुम्ही दवाखान्यातून आलात, तेव्हा अस्तरावर लिहिलं होतंत. 'काढला.' म्हणजे... मी मिटवला तो नाही? तुम्ही काढला होतात? स्वतः?"

टेलरांनी तिच्याकडे पाहिलं. मग छोटीला खाली ठेवलं, उठले, मला उचललं, रिळांच्या डब्याला टेकवून उभं केलं. समोर बसले. माझ्याकडे बोट केलं, आपल्या तोंडाकडे केलं, आणि बोटं मिटून उघडून पाखराच्या चोचीसारखी हलवली. बडबड, बडबड. मग दोन्ही हात पसरले. पण सापडलाच नाही.

"त्या दिवशी कार्ड माझ्याकडे होतं," मुलगी पुटपुटली. "स्टुडिओत. यात कार्डच नव्हतं." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "कार्ड नसलं तर कुठे जातं हो?"

जावयांनी डोकं खाजवलं. फिल्टरवाल्याला एवढं कळतं, की पाणी कुठेतरी साठतंच. "आत असेल थोडी जागा. म्हणून तर फुल म्हणत असेल."

टेलरांनी अस्तराचा तुकडा ओढला आणि खडूने लिहिलं, 'चोरखिसा?'

मुलीने बघायचं बटण दाबलं. माझी म्हातारी बॅटरी एवढ्यातच शेवटच्या काडीवर आली होती, लाल दिवा लुकलुकत होता, आणि मी जीव मुठीत धरून जेवढं होतं नव्हतं तेवढं सगळं पणाला लावलं. पडद्यावर टेलर आले. निम्मं शटर, मागे आरसा.

"झालं का सुरू? लाल लागलंय म्हणजे झालं असेल." घोगरा, बसलेला, पण तोच आवाज. पडद्याबाहेरच्या टेलरांनी आपल्या गळ्यावर हात नेला. "तर... काय बोलू? समोर गिऱ्हाईक नसलं की सुचत नाही बघ मला. थांब, काहीतरी हातात घेतो." त्यांनी एक पँट ओढली, तुरपाई करायला लागले, आणि हातातली सुई सवयीने वर धरून आतल्या दाराकडे हाक मारली. "ओवून दे गं, बाळ!" मग थांबले, हसले. "अरे हो. तू कुठायस? चिडून गेलीस." हसू हळूहळू मावळलं. "काल तुझ्यावर ओरडलो. रडलीस तू. बाळ, मी ते—"

तिथे माझा खिसा संपला होता.

छोटी आधी माझ्याकडे बघत होती, मग आजोबांकडे, मग परत माझ्याकडे. "आजोबा आत बोलले," ती म्हणाली. मुलीचं तोंड ओढणीत होतं. जावई उगाचच ते मेलेलं कार्ड पुसत उभे होते.

"पुढे काय, बाबा?" तिने विचारलं. "मी ते... काय?"

मला ठाऊक होतं. त्या दिवशी, 'मेमरी फुल'ची अक्षरं न दिसल्यामुळे, त्यांनी ते मला सांगितलं होतं. पण माझ्याकडे त्याच्यासाठी शब्द नव्हते. टेलरांनी अस्तर मांडीवर घेतलं. एका शब्दाची सवय असलेल्या त्या माणसाने जरा वेळ घेऊन दोन शब्द लिहिले.

'घाबरलो होतो.'

अगदी हेच म्हणाले होते. एवढा मोठा आवाज ज्याचा, तो माणूस त्या दिवशी माझ्यासमोर बसून, गार चहा पुढ्यात घेऊन, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होता. व्हिडिओ काढायचा म्हणजे आवाज जाणार हे मान्य करायचं, आणि त्याचीच मला भीती वाटली गं, म्हणून ओरडलो. मला वाटत होतं, या घरात भित्रा मी एकटाच.

मुलीने ते वाचलं. मग तळहाताने ती अक्षरं पुसली, चांगली घासून पुसली, हात पांढरा होईपर्यंत.

"हे काढलं बघा," ती म्हणाली. आणि त्यांच्या कॉलरला टोचलेली सुई उचलून, दोऱ्याचं टोक दातांनी तोडून, तिने दोरा ओवला.

तेवढ्यात माझी बॅटरी संपली आणि पुढचं मला दिसलं नाही.

आता तो व्हिडिओ जावयांनी कॉम्प्युटरवर उतरवलाय, फोनवर घेतलाय, किराणावाल्यालाही पाठवलाय. त्याने तो दुकानात मोठ्याने लावला आणि रस्त्यापलीकडून ओरडला, "रेडिओ, आवाज येतोय हो!" मी रिळांच्या डब्यापाशी असतो, खणात नाही. लेन्स थंडीत अजून कुरकुरते, तारीख पुसली जाते, नवं कार्ड मिळालंय ते पोटात जरा टोचतं. चोरखिसा भरलेलाच आहे. तो रिकामा करू, असं आता कुणी म्हणत नाही.

तरीही, तुमच्या घरात कुठल्या खणात माझा एखादा भाऊ पडला असेल, तर माझी एक विनवणी आहे. तो एरर म्हणाला, अडकला, काहीतरी भलतंच विचारायला लागला, तर लगेच ओके दाबू नका. धूळ झाडा, बॅटरी भरा, कार्ड बाहेर काढून एकदा आत बघा. तो बिचारा भीतीपोटी विचारत असतो. त्याला नको म्हणता येत नाही.

माझी भीती गेली का? छे! परवाच छोटीने मला दोन्ही हातांत धरलं, आजोबांपुढे उभी राहिली आणि विचारलं, "आजोबा, काढू?" माझ्या छातीत धस्स झालं.

टेलरांनी कॉलर नीट केली.